गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक की जेल?

साठीनंतर गुडघे दुखू लागले की औषधाच्या दुकानात बहुधा तीन पर्याय समोर येतात: आयबुप्रोफेनची गोळी, डायक्लोफेनॅकची गोळी आणि वरून लावायचे डायक्लोफेनॅकचे जेल. कशाने लवकर आराम पडेल, असे आपण विचारतो; खरे तर निवड आपले पोट, मूत्रपिंडे आणि हृदय यांच्या स्थितीवरून करायला हवी.

आयबुप्रोफेन कमी मात्रेत आणि थोडे दिवस घेतल्यास पोटाला तुलनेने कमी त्रास देते. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी ते आपल्या मनाने घेऊच नये, कारण रक्ताची गुठळी रोखण्याच्या अ‍ॅस्पिरिनच्या कामात ते आडवे येऊ शकते. ‘कॉम्बिफ्लॅम’च्या गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असते, त्यामुळे तिच्या जोडीला ‘डोलो’ घेणारा माणूस नकळत पॅरासिटामॉलची मात्रा वाढवत असतो.

ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, त्यांनी डायक्लोफेनॅकची गोळी टाळावी. युरोपीय औषध नियामकांनी २०१३ मध्येच तसे बजावले आहे. इंजेक्शन घेतले म्हणजे पोट सुरक्षित राहिले, हा समजही चुकीचा आहे, कारण पोटाच्या अस्तराचे संरक्षण हे औषध रक्तावाटेही कमी करते.

मूत्रपिंडांचा धोका दोन्ही गोळ्यांना सारखाच लागू आहे आणि नेमका तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो. रक्तदाबाच्या ‘टेल्मा-एच’सारख्या एकाच गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकत्र असते, त्यात वेदनाशामकाची भर पडली आणि जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडे अचानक मंदावू शकतात. सोबत घेतलेली पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी पोटाला सांभाळते, मूत्रपिंडांना नाही.

जेलमधून गोळीच्या तुलनेत जेमतेम ६ टक्के औषध रक्तात उतरते. गुडघा किंवा हाताची बोटे अशा कातडीजवळच्या सांध्यांसाठी सुरुवात जेलनेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात, नियमाने लावायला हवे. खोलवर असलेल्या खुब्याच्या सांध्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

गोळी घ्यावीच लागली, तर दोनपैकी एकच, जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत आणि मोजके दिवस घ्यावी. शौचास डांबरासारखे काळे झाले, लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.