बेंचटॉप मिलच्या स्पिंडलला काय बसवावं: शिलाई मशीनची सर्व्हो, की थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडी?

छोट्या मिलची, म्हणजे टेबलावरच्या मिलिंग मशीनची, कार्बनवाली डीसी मोटर आणि तिचं कार्ड काढायचं ठरलं, की आपल्याकडे दोन पर्याय हाताशी असतात. एक, शिलाई मशीनची ५५० वॅटची ब्रशलेस सर्व्हो. दुसरा, एक एचपीची साधी थ्री-फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. प्लॅस्टिकचा गिअर दोन्हीत जातो आणि पट्टा येतो, म्हणून गिअरचे दात उडण्याची कटकट कशानेही संपते. फरक पडतो तो पुढे.

सर्व्होची बाजू आधी. वजनाला हलकी, त्यामुळे हेडचा तोल बिघडत नाही आणि १० मिमीच्या प्लेटवर ती आरामात बसते. पायडलच्या लिव्हरमध्ये हॉल सेन्सर असतो, त्याच्या तीन वायर: ५ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. त्याजागी १० के चा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) लावला की झाला स्पीड कंट्रोल. फक्त लिव्हर पूर्ण सोडलेला आणि पूर्ण दाबलेला असताना सिग्नल किती व्होल्ट येतो ते आधी मल्टिमीटरने बघून ठेवा. पॉटची रेंज त्यात बसली नाही तर मोटर एक तर सुरूच होत नाही किंवा पूर्ण थांबत नाही. वरच्या आरपीएमला ती इतकी गोड चालते, की हुपरीच्या चांदीकामाच्या डायसारखं बारीक काम, ३ मिमीचा कटर, पितळ, अॅल्युमिनियम हेच ज्याचं रोजचं काम आहे, त्याने खरं तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या पट्ट्यात टेबलावर येतं ते बहुधा बीड, म्हणजे ओतीव लोखंड. कास्टिंगची वरची कातडी कडक, वर वाळू चिकटलेली. २० मिमीचा एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटर असेल तर साधारण ३०० आरपीएमच्या पुढे जाता येत नाही, आणि तिथे जोर लागतो. ५५० वॅट हा आकडा वरच्या वेगाचा. ३००० आरपीएमला हिशोब केला तर शाफ्टवर पावणेदोन न्यूटन-मीटर येतो, १:३ पुलीने सव्वापाच. एक एचपीची चार पोलची मोटर १४४० आरपीएमला सरळ पाच देते, १:२.५ पुलीने बारा. पहिल्याच रफ कटला हा फरक हाताला कळतो.

तरीही माझा काटा जोरावर नाही, रिव्हर्सवर झुकला.

टॅपिंग, म्हणजे भोकात आटे पाडताना, टॅप बाहेर काढायला दिशा बदलावी लागते. अशा बहुतेक सर्व्हो बॉक्समध्ये दिशा पॅरामीटरमध्ये असते: मोटर थांबवा, मेनूत जा, आकडा बदला, सेव्ह करा. एवढा वेळ टॅप भोकात अडकलेला. एका फ्लँजला एम८ ची आठ भोकं असली की हे सोळा वेळा करायचं. शेवटी माणूस कंटाळून टॅप हँडल हातात घेतो, आणि मग मोटर बदलली कशाला? कुणाच्या बॉक्सला दिशेची वेगळी वायर असेलही, पण विकत घेण्याआधी ती दाखवून घ्या.

व्हीएफडीला तीन पोझिशनचा सिलेक्टर स्विच कंट्रोल टर्मिनलवर जोडायचा: पुढे, बंद, मागे. मोटरच्या वायरमध्ये स्विच किंवा काँटॅक्टर घालू नका, चालू लोडवर तो तुटला तर व्हीएफडी जाऊ शकतो. कमाल ८० हर्ट्झ, थांबायची वेळ २ सेकंद ठेवा. ही वेळ ८० पासून शून्यापर्यंतची असते. १:२.५ पुलीवर १३ हर्ट्झला स्पिंडल साधारण १५० आरपीएमने फिरतो, तिथून थांबायला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो आणि टॅप जेमतेम अर्धा मिमी पुढे जातो. हाताला स्विच फिरवायला अर्धा सेकंद लागला तर आणखी दीड मिमी. म्हणून बंद भोकात टॅपच्या टोकाखाली किमान ४ मिमी मोकळं ठेवा. थांबायची वेळ फारच कमी केली तर व्हीएफडी ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो.

व्हीएफडीचे तोटे आहेतच. मोटर जड, फ्रेम ८० म्हटलं की दहा-पंधरा किलो, म्हणजे हेडला गॅस स्प्रिंग किंवा काउंटरवेट लागतं. १५ हर्ट्झच्या खाली मोटरचा पंखा हवा फेकत नाही, टॅपिंगपुरतं ठीक, पण तासभर रफिंग तिथे नको. बीडाची धूळ वीज वाहते आणि व्हीएफडीचा पंखा ती आत ओढतो, म्हणून त्याला मशीनपासून लांब, बंद पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा जरा मोठाच घ्या, आतली उष्णता जिरायला जागा हवी.

आणि मोटर घेताना टर्मिनल बॉक्स उघडून बघाच. एक एचपीच्या पुष्कळ मोटरांना तीनच वायर बाहेर असतात, तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं आतच एकत्र बांधलेली, म्हणजे स्टार जोडणी. अशी मोटर २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर जोडली तर रिकामी छान फिरते आणि कट लागला की बसते, कारण जोर एक तृतीयांशच उरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या रिवाइंडिंगवाल्याकडून स्टार पॉइंट उघडून सहा वायर बाहेर काढून घ्या, डेल्टा (वाइंडिंग त्रिकोणात जोडणं) करा, आणि व्हीएफडीत करंटचा आकडा प्लेटवरच्या स्टारच्या १.७३ पट भरा. प्लेटवर १.९ अँपिअर असेल तर ३.३.