खासदार जोखायचा कशावरून: मतदान, प्रश्न की कारकीर्द?

निवडणूक जवळ आली की मोबाइलवर दोन प्रकारची चित्रं फिरू लागतात. एकात खासदाराचा हसरा फोटो आणि खाली हजेरीचे टक्के, प्रश्नांची संख्या, चर्चांची संख्या. दुसऱ्यात तोच फोटो आणि लाल अक्षरांत 'अमुक विधेयकाला यांनी पाठिंबा दिला होता, विसरू नका'. दोन्हींतली माहिती खरी असू शकते, तरी मत कुणाला द्यायचं हे कळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पक्षाबद्दल ठरवायचं असेल तर मतदानाची नोंद बघा. माणसाबद्दल ठरवायचं असेल तर त्याचे प्रश्न आणि भाषणं वाचा, नुसती मोजू नका. दोन उमेदवार तरीही सारखेच वाटले, तर कारकीर्द उघडा.

मतदानाची नोंद

पहिली अडचण म्हणजे ही नोंद बऱ्याचदा नसतेच. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'वाले 'होय' म्हणतात, 'नाही'वाले 'नाही', पीठासीन अधिकारी कौल जाहीर करतात आणि कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद राहत नाही. नावं उमटतात ती मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं, झाली तर. घटनादुरुस्तीत ती टळत नाही, कारण विशेष बहुमत मोजूनच दाखवावं लागतं. एरवी कुणीतरी मागावी लागते आणि मागूनही मिळेलच असं नाही. 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत असताना गोंधळातच दोन कृषी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. पुढे वर्षभर देश ज्यांवरून तापला, त्या कायद्यांवर त्या सभागृहात कुणी कुठलं बटण दाबलं हे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

मतविभागणी झालीच तर घंटा वाजते, लॉबी मोकळी करून दारं बंद होतात. सदस्य आपल्या जागेवरून हिरवं, लाल किंवा तटस्थतेचं पिवळं बटण दाबतो. फलकावर आकडे झळकतात, पण अध्यक्ष निकाल वाचतात तो 'दुरुस्तीच्या अधीन' म्हणून. कुणाचं बटण लागलेलं नसतं, कुणी भलतंच दाबलेलं असतं. मग चिठ्ठ्या भरून दुरुस्त्या होतात. म्हणून त्या रात्री फिरणाऱ्या फलकाच्या फोटोवर विसंबू नका. छापील कार्यवृत्तातली यादी खरी.

दुसरी अडचण मोठी आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेश डावलून मत दिलं किंवा मतदानालाच गेलं नाही आणि पक्षाने 15 दिवसांत ते माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये जेरेमी कॉर्बिन शेकडो वेळा स्वतःच्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देऊनही खासदार राहिले आणि 2015 मध्ये त्याच पक्षाचे नेते झाले. आपल्याकडे असा माणूस पहिल्या-दुसऱ्या मतालाच घरी बसला असता. तिथे एका माणसाची शंभर मतं वाचली की त्याचा पिंड कळतो, इथे त्याच्या पक्षाचा हिशेब कळतो.

तो हिशेबही बदलता असतो. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. एखाद्या सेना खासदाराचं त्या वेळचं मत 'त्याची भूमिका' म्हणून दाखवणं म्हणजे ड्रायव्हरला सोडून क्लीनरला जाब विचारणं.

अपवाद लहान पक्षांचा. सप्टेंबर 2023 मध्ये महिला आरक्षण विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झालं. विरोधातल्या दोघांपैकी एक असदुद्दीन ओवैसी, दुसरे औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. आरक्षणात ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप. तेव्हा लोकसभेत त्यांच्या एमआयएम पक्षाचे खासदारच दोन, तर पक्ष कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो हे वेगळं काढता येत नाही. अशा मताचा जाब त्या खासदारालाच विचारावा. अपक्षाचं तर विचारूच नका. त्याच्यावर कुणाचा व्हिप म्हणजे पक्षादेश नाही, दिलेलं मत पूर्णपणे त्याचं.

आणि एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी केली, ती मे 2024 पर्यंत राहिली. नाशिक, नगर, पुणे पट्ट्यातल्या शेतकऱ्याला त्या काळात यापेक्षा मोठा फटका कुठल्या विधेयकाने दिला? पण ती बंदी अधिसूचनेने आली. संसदेत त्यावर मतदान झालंच नाही, त्यामुळे मतदानाच्या नोंदीत कांदा शोधूनही सापडणार नाही. सापडला तर प्रश्नांत आणि भाषणांत.

प्रश्न, भाषणं, हजेरी

इथे व्हिपचा जाच कमी, म्हणून माणूस जास्त दिसतो. पण आकड्यांना भुलू नका. लोकसभेत रोज 20 तारांकित प्रश्न यादीत येतात, तेही सोडतीने. तोंडी उत्तर मिळून उपप्रश्न विचारता येतो तो यांवरच. अतारांकित प्रश्न रोज 230 पर्यंत, उत्तर फक्त लेखी. त्यामुळे कुणाचे तारांकित कमी असतील तर तो नशिबाचाही भाग आहे.

एकूण संख्या फुगते ती एकत्र केलेल्या प्रश्नांनी. संसदेच्या संकेतस्थळावर एखादा अतारांकित प्रश्न उघडून वरची नावं बघा. पुष्कळदा एकाच मजकुराखाली चार-पाच खासदार असतात, कधी सगळे एकाच पक्षाचे, आणि प्रत्येकाच्या खात्यावर तो एक प्रश्न म्हणून जमा होतो. मी मोजतो ते एवढंच: एकट्याच्या नावावर किती, मतदारसंघाशी संबंधित किती, आणि उत्तर गुळमुळीत आल्यावर पुढच्या अधिवेशनात त्याच विषयावर पुन्हा विचारलं का. शेवटची कसोटी फार थोडे पास होतात.

हजेरीला मी फारसं महत्त्व देत नाही. सही करून निघून जाणाऱ्याचीही हजेरी लागते. मंत्र्यांना ती सहीही करावी लागत नाही आणि ते प्रश्नही विचारत नाहीत, म्हणून केंद्रात मंत्री असलेल्या खासदाराला 'शून्य प्रश्न' म्हणून झोडपणं अडाणीपणाचं आहे. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या खासगी विधेयकांचंही तसंच: स्वातंत्र्यापासून अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. ते भूमिका सांगायला ठीक, कामगिरी म्हणून नाही.

खासदार निधीचे फलक या तुलनेत आणूच नयेत. वर्षाचे 5 कोटी रुपये प्रत्येकाला सारखेच. तो शिफारस करतो, काम जिल्हा प्रशासन करून घेतं.

कारकीर्द

मतांच्या तक्त्यात जे मावत नाही ते इथे असतं. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये सी. डी. देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा तुरुंगात असलेल्या मधु लिमयेंनी खासदारकीचा राजीनामा दिला. लोकांनी कौल पाच वर्षांसाठी दिला होता, हे त्यांचं म्हणणं. दोन्ही राजीनामे कुठल्याही मतविभागणीत दिसणार नाहीत.

आजच्या उमेदवाराबाबत प्रश्न साधा ठेवा: पक्ष सोडला तेव्हा पद सोडलं का? 2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच खासदारांच्या नावापुढे 2019 च्या निकालात एक पक्ष आणि 2024 च्या अर्जावर दुसरा, किंवा तोच पक्ष पण दुसरं चिन्ह. त्यांची फुटीआधीची आणि नंतरची भाषणं शेजारी ठेवून वाचा. विषय तेच राहिले आणि नेत्याचं नाव बदललं, तर एक निष्कर्ष निघतो. विषयच बदलले, तर दुसरा.

समोरचा उमेदवार पहिल्यांदाच लढत असेल तर पहिले दोन रकाने रिकामे. आमदार किंवा जिल्हा परिषद सदस्य राहिलेला असेल तर तिथली भाषणं आणि ठराव बघा. तेही नसेल तर त्याच्या पक्षाची मतं त्याच्या नावावर आत्ताच लिहून टाका, कारण निवडून आल्यावर बटण तो तेच दाबणार आहे.