आधी वजन उतरवायला शिकवणारी जिम

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या जिमला जायला लागून गेल्या आठवड्यात तीन महिने झाले. फी तीन महिन्यांची ३,६०० रुपये. ती भरली त्याच दिवशी सरांनी माझं बेंच प्रेसचं, म्हणजे बेंचवर उताणं पडून छातीवरून वर ढकलायच्या बारचं, वजन ६० किलोवरून ४० वर आणलं. वय ४१, शिरोलीत फाउंड्रीत नोकरी, शेजारच्या बेंचवर कॉलेजची पोरं. खरं सांगतो, पैसे परत मागावेत असं वाटलं होतं.

आधी जिथं जायचो तिथं बारा रेप्स म्हणजे बार बारा वेळा खाली-वर, कशा मारल्या ते कोण बघतंय? बार सोडायचा, छातीवर आपटून उसळला की त्याच उसळीत वर ढकलायचा. पंधरा सेकंदांत बाराचा सेट खलास. डावा खांदा सहा महिने कुरकुरत होता, त्याचं खापर मी मोटरसायकलवर फोडून मोकळा. सरांनी एकच सेट बघितला. "यातल्या निम्म्या रेप्स तुझ्या बरगड्या मारत्यात," म्हणाले.

इथं बार खाली आणायला तीन सेकंद, छातीला टेकला की सेकंदभर दम, मग वर जोरात. मोजायला सर स्वतः उभे राहतात, बोटातल्या अंगठीनं रॅकच्या पाइपवर टक... टक... टक. तिसऱ्या टकेपर्यंत कोपर थरथरायला लागतं आणि सर मुद्दाम तीच टक लांबवतात. आठ रेप्सना चाळीस सेकंद. ४० किलो किती जड असतं ते तेव्हा कळलं.

वजन उचलताना स्नायू जेवढं पेलतो, त्याहून जास्त तो उतरवताना पेलू शकतो. तोच भाग मी रोज फुकट घालवत होतो. मग वर नेतानाही सावकाशच न्यावं की, असं विचारलं. सर मूळचे तांबड्या मातीतले पैलवान. म्हणाले, "खासबागेच्या आखाड्यात ढाकेचा डाव मारताना तीन मोजत बसशील काय रे?" ताकद पाहिजे तर वर ढकलताना सगळा जोर लावायचा. वजन जड असलं तर बार हळूच सरकणार, पण आपण ढोसायचं ते वेगानंच. हे पटलं.

न पटलेली गोष्ट म्हणजे ८०० रुपये जादा घेऊन चालणारी 'सुपर स्लो' बॅच. नुसतं वर न्यायलाच दहा सेकंद. हे खूळ अमेरिकेतलं, १९८०च्या दशकात ट्रेनर केन हचिन्स यांनी गाजवलेलं. मी आठवडाभर केलं. २५ किलोवर आलो, घाम बक्कळ, कंटाळा त्याहून बक्कळ. मग घरी बसून वाचलं. स्नायूवाढीचे अभ्यासक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली आधीचे प्रयोग एकत्र करून तपासले होते. पार दमेपर्यंत सेट मारला, तर एक रेप अर्ध्या सेकंदाची असो नाहीतर आठ सेकंदांची, स्नायू साधारण सारखेच वाढतात. दहा सेकंदांच्या वर गेलं की उलट वाढ कमी पडते असं दिसतं, पण त्यावर प्रयोगच थोडे आहेत. म्हणजे तीन सेकंदांतही काही जादू नाही. माझी उसळी बंद झाली, फायदा झाला तो त्याचा. सरांना सांगितलं तर हसले, "ती बॅच गुडघे दुखणाऱ्यांसाठी आहे." बोर्डावर मात्र 'दुप्पट रिझल्ट' लिहिलंय. तेवढं पुसा, सर.

आता ६० किलोच्या सहा रेप्स होतात, छातीवर न आपटता. खांदा गप्प आहे. पूर्वी बारा मारायचो, म्हणून घरी आकडा सांगत नाही.

बाकी फरशी स्वच्छ, गाडी लावायला जागा आहे, अडीच किलोच्या प्लेटांची जोडी कधी जागेवर सापडत नाही. पुढचे सहा महिने भरलेत, साध्या बॅचचे. जाणार असाल तर सकाळी सहाला जा. संध्याकाळी बेंच दोनच, आणि सरांच्या हाताखालचे सगळेच बार सावकाश उतरवतात.