आसगावचं बंद गेट आणि माझे १५,९९२ रुपये

बनावट मैफलीच्या तिकिटांत गेलेल्या पैशांचा आकडा आधीच लिहिला, कारण लोक तोच आधी विचारतात आणि मग तोंड वाकडं करतात. मी गोव्यात पर्वरीला एका ऑफिसात हिशेब बघते. दुसऱ्यांच्या व्हाउचरांतल्या चुका काढायचा पगार घेते. तेव्हा ‘तुला कळलं कसं नाही?’ हे कृपा करून कुणी विचारू नये. गेला महिनाभर घरात दुसरं काही ऐकलेलं नाही.

मुंबईत नोकरीला होते तेव्हा मला लहान जागेत बँड ऐकायचं व्यसन लागलं. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग होतं, २०१६ ला बंद झालं. त्यानंतर कुठे कुठे कोपऱ्यात उभं राहून ऐकलं. शंभरेक माणसं, ड्रमचा ठोका थेट छातीत, गाणारा पोरगा चार हातांवर, आणि कार्यक्रम संपल्यावर तोच आपली केबल गुंडाळताना दिसतो. परवाझसारखा बँड काश्मिरीत गातो, एक शब्द कळत नाही आणि डोळे भरून येतात. डिचोलीला परत आल्यावर हे सुटलं. आमच्याकडे जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्याला मी नाकं मुरडत नाही, पण ही भूक वेगळी.

तर डिसेंबरात इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. आसगावातलं जुनं पोर्तुगीज धाटणीचं घर, अंगणात फक्त ऐंशी माणसं, बेंगळुरूचा एक बँड (नाव लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांचा काही संबंध नाही), रात्री साडेनऊ ते साडेअकरा. पत्ता कार्यक्रमाच्या दिवशी कळवणार. तिकीट १,४९९.

पत्ता लपवला म्हणून संशय यायला हवा होता, असं भाऊ म्हणतो. मला ते मान्य नाही. २००९ ला लंडनमध्ये सुरू झालेल्या सोफार साउंड्सच्या मैफलींतही जागा आयत्या वेळी कळते, आणि मी मुंबईत तसल्या एका मैफलीला जाऊन आलेय. चूक वेगळी झाली. तिथे कोण वाजवणार हेही लपवलेलं असतं. इथे बँडचं नाव ठळक आणि जागा गुप्त. म्हणजे नावावर पैसे गोळा करायचे आणि जाब विचारायला दार ठेवायचं नाही. आणि साडेअकरा! गोव्यात राहणाऱ्या बाईला हे खटकू नये? उघड्यावर दहानंतर स्पीकर चालत नाही हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. दहा वाजले की लग्नातला बँडसुद्धा गप्प होतो. मी ते वाचलं आणि मनात काय म्हणाले? ‘वा, दोन तास वाजवणार!’

चार तिकिटांचे ५,९९६ भरले. मी, भाऊ आणि ऑफिसातल्या दोघी. क्यूआर स्कॅन केल्यावर कसल्याशा ट्रेडर्सचं नाव आलं. बँडच्या स्वतःच्या पानावर गोव्याचं नाव नव्हतं, तर मी समजूत करून घेतली की छोटा कार्यक्रम आहे, टाकला नसेल. (टाकतात. ऐंशी माणसांचा असला तरी टाकतात. तिथे तारीख नसेल तर पैसे भरू नका.) मग ‘गेटपासचं डिपॉझिट, परत मिळेल’ म्हणून माणशी ५०० मागितले. तेही दिले, २,०००. एकूण ७,९९६.

शनिवारी पावणेनऊला आसगावला पोचलो तर गेटला कुलूप. बाहेर आमच्यासारखीच सात-आठ माणसं, सगळ्यांच्या हातात तेच तिकीट. आतून एक म्हातारी बॅटरी घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘हांगा कसलेंच ना गो बाये.’’ कुणीतरी तिच्या घराचा फोटो उचलला होता. तिलाच घाबरल्यासारखं झालं होतं. आम्ही माफी मागून निघालो.

इथे थांबले असते तर ही गोष्ट ७,९९६ ची राहिली असती.

म्हापशाला गाड्यावर रस-ऑम्लेट खात होतो. साडेनऊच्या सुमारास मेसेज आला: कार्यक्रम तांत्रिक कारणाने रद्द, पैसे लगेच परत, सोबतचा क्यूआर स्कॅन करा. मी स्कॅन केला. पडद्यावर ७,९९६ दिसले. माझाच आकडा, त्यामुळे जीव भांड्यात पडला. भाऊ पाव बुडवत म्हणाला, ‘‘ताई, पैसे यायला पिन कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘गप रे, तू खा.’’ आणि पिन घातला. आले काहीच नाही, उलट आणखी ७,९९६ गेले.

दिवाळीत बाबांना शेजारी बसवून यूपीआय मीच शिकवलं. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून दिलं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. अक्षर माझं. ती वही अजून टीव्हीखाली आहे. बाबांना आकडा कळल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त वही उचलून दुसऱ्या खणात ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दहाच्या आत १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तो लागला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. हे पहिल्या अर्ध्या तासात करा, स्क्रीनशॉट चॅटसकट काढा. मला ब्लॉक करून त्या ठगांनी पान उडवलं ते साडेदहाला. पुढचं मात्र ऐका. बँक म्हणाली, पिन तुम्हीच घातलात, व्यवहार अधिकृत. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, याबद्दलचं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तर त्यातलाच ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा मुद्दा माझ्या तोंडावर मारला. पोलीस ठाण्यात म्हणाले, घर तिकडच्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे गेले तर, पैसे घेणारं खातं परराज्यातलं, तुम्ही डिचोलीच्या, मग इथे कशाला आलात? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) हद्द न बघता तक्रार घ्यायची सोय आहे, हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं. तर टेबलामागचा म्हणाला, ‘‘मॅडम, दीड हजार देऊन रात्रीची गाणी ऐकायला कशाला जायचं?’’ बाजूचा हसला. माझं स्कूटर चोरीला गेलं असतं तर ‘स्कूटर कशाला घेतली’ असं विचारलं असतं का? वर छापील प्रती दोन, स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का, साहेब रजेवर, सोमवारी या. दोन सोमवार झाले. सुट्ट्या माझ्या खर्ची पडल्या.

ऑफिसातल्या दोघींचे पैसे मी परत केले, त्या नको म्हणत होत्या तरी. त्यांना मीच नेलं होतं.

परवा तोच घराचा फोटो पुन्हा दिसला. पान नवं, बँड दिल्लीचा, तिकीट आता १,७९९. इन्स्टाग्रामकडे तक्रार केली तर उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. ओट्यावर ती म्हातारीची वेताची खुर्चीसुद्धा दिसते हो.

त्या रात्री गेटवर असलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, वास्कोहून आलेला तो पिवळ्या टीशर्टवाला मुलगा किंवा नवरा-बायकोची जोडी, तर मला कळवा. नंबर घ्यायचं तेव्हा सुचलं नाही. सगळ्यांनी मिळून एकच तक्रार द्यायची आहे. येत्या सोमवारी दहाला मी पुन्हा आसगावच्या हद्दीतल्या त्याच ठाण्यावर जाणार आहे. शिक्का मारलेलं स्टेटमेंट घेऊन या, दोन प्रती.