विनोदी किशोर कादंबरी: आधी अमेरिकन एजंट की ब्रिटिश?

किशोरवयीन वाचकांसाठी इंग्रजीत विनोदी कादंबरी लिहून झाली आहे, ती पहिलीच आहे, आणि ती न्यूयॉर्कच्या साहित्यिक एजंटांकडे (लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणाऱ्या मध्यस्थांकडे) आधी पाठवावी की लंडनच्या, या विचारात जे पडले आहेत त्यांच्यासाठी ही तुलना आहे. काही बाबतींत दोन्हीकडे सारखेच आहे. कादंबरी पूर्ण झालेली हवी. कमिशन देशांतर्गत विक्रीवर बहुधा १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के असते. प्रामाणिक एजंट पुस्तक विकले गेल्यावरच कमावतो. वाचण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जाऊच नये.

खरा फरक आहे तो एजंटच्या हाती पहिल्यांदा काय पडते यात. अमेरिकेत सगळी भिस्त एकपानी ‘क्वेरी’ पत्रावर असते: नायिका कोण, तिला काय हवे आहे, आड काय येते, शब्दसंख्या किती, आणि गेल्या तीन-पाच वर्षांत आलेली याच जातकुळीची दोन पुस्तके कोणती. सोबत बहुतेकदा पहिली पाच-दहा पानेच मागतात. ब्रिटनमध्ये पत्र लहान असते, पण त्याच्याबरोबर शेवटासकट एका पानाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणे किंवा सुमारे दहा हजार शब्द जातात.

विनोदी लेखनाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. ‘ही खुसखुशीत कादंबरी वाचकांना पोट धरून हसवेल’ असे पत्रात लिहिले, तर एजंटला काहीच कळत नाही. त्याऐवजी, न्यू जर्सीतल्या एडिसनची सोळा वर्षांची मुलगी शाळेच्या निवडणुकीला उभी राहते, तिची आजी शाळेच्या फाटकाशी चकल्या वाटून प्रचार सुरू करते, पण तो नातीच्या प्रतिस्पर्ध्याचा, असे दोन ओळींत मांडले, तर हसू आपोआप येते आणि संघर्षही दिसतो. ज्या कादंबरीचा विनोद असा प्रसंगात आहे, तिला अमेरिकन पत्र मानवते. उलट, ज्या कादंबरीचा विनोद निवेदिकेच्या बोलण्याच्या ढंगात आहे, पहिल्या पानावर साधे वाटलेले वाक्य तिसऱ्या प्रकरणात पुन्हा येऊन हसवते, ती एका पानाच्या पत्रात कोरडी वाटते. तिला ब्रिटिश पद्धतीतली तीन प्रकरणे न्याय देतात. सारांशात मात्र विनोद कोंबू नये. तिथे कथानक सरळ सांगावे, कारण एजंट तिथे फक्त गोष्ट शेवटपर्यंत टिकते का एवढेच पाहतो.

बाजारपेठेचे पारडे अमेरिकेकडे झुकते. तिथे किशोर कादंबऱ्यांचे वाचक अधिक आहेत आणि त्या हाताळणारे एजंटही अधिक. ब्रिटिश बालसाहित्यात विनोदाची परंपरा भक्कम आहे, पण तिचा भर आठ ते बारा वयोगटावर आहे. त्यामुळे सोळा वर्षांच्या नायिकेचे वय कमी करण्याची सूचना तिथे येऊ शकते. ती मान्य होण्यासारखी आहे का, हे पाठवण्याआधीच ठरवावे, कारण वय बदलले की नायिकेची भाषा, तिची भीती आणि आजीशी असलेले नातेही बदलते.

माझे मत विचाराल तर प्रसंगप्रधान कादंबरी आधी अमेरिकेत पाठवावी आणि निवेदनाच्या ढंगावर उभी असलेली आधी ब्रिटनमध्ये. एकाच वेळी अनेक एजंटांना पाठवण्याची पद्धत दोन्हीकडे रूढ आहे. फक्त एकाच एजन्सीतल्या दोघांना एकदम लिहू नये. तरीही सगळी यादी पहिल्याच आठवड्यात संपवू नये, सहा ते आठ जणांचा एकेक गट करावा. पहिल्या गटातून कोणीच पूर्ण हस्तलिखित मागितले नाही, तर पत्र आणि सुरुवातीची पाने पुन्हा लिहावीत. पूर्ण हस्तलिखित मागवून नंतर नकार येऊ लागले, तर पत्राला हात न लावता कादंबरीच्या मधल्या भागाकडे वळावे.