साडेसहा इंची, ओव्हल की वूफर? गाडीतल्या स्पीकरच्या मापाचा हिशेब

खानापूरच्या मावसभावानं जुनी हॅचबॅक घेतली आणि आठवड्याच्या आत फोन आला. "दादा, मागं ओव्हल बसवतो. मोठा स्पीकर म्हणजे मोठा बेस, व्हय की नव्हं?"

अर्धं व्हय. उरलेल्या अर्ध्यात माझे पैसे एकदा गेलेत.

स्पीकर हवा ढकलतो. किती ढकलतो, ते दोन गोष्टींवर ठरतं: पडदा केवढा आणि तो मागेपुढे किती हलतो. चार इंची स्पीकरचा हलणारा पडदा अंदाजे ५० चौरस सेंटिमीटरचा, सव्वापाच इंचीचा ९० च्या आसपास, साडेसहा इंचीचा १३०, सहा बाय नऊ इंची लंबगोल म्हणजे ओव्हलचा २३० आणि दहा इंची वूफरचा, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरचा, ३३०. म्हणजे सव्वापाचवरून साडेसहावर गेलात की इंचात फरक किरकोळ, पण पडदा जवळपास दीडपट. बेसला हेच लागतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा. तेवढ्याच जोरात ८० हर्ट्झवरून ४० हर्ट्झवर उतरायचं, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. लहान पडद्याला ते झेपत नाही, तो फडफडतो.

उलट बाजूही आहे. पडदा मोठा झाला की वरच्या पट्टीतला आवाज पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. साडेसहा इंचीचं हे अडीच-तीन हजार हर्ट्झच्या पुढं सुरू होतं, आणि दारातल्या स्पीकरचा तो झोत आपल्या पोटरीवर पडतो. म्हणून ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, वेगळा, कानाच्या उंचीजवळ हवा. नुसतं माप वाढवून गायकाचा आवाज स्वच्छ होत नाही.

चार इंची आणि सव्वापाच इंचीवर फार वेळ घालवत नाही. दाराला भोकच तेवढं असेल आणि पत्रा कापायचा नसेल, तर सव्वापाच घ्या. बातम्या, कीर्तन, फोनवरचं बोलणं, सगळं उत्तम. चार इंची फक्त डॅशबोर्डमध्ये जागा असेल तरच.

खरी निवड साडेसहा आणि ओव्हलमध्ये आहे. कागदावर ओव्हल जिंकतो, पडदा पावणेदोन पट. पण तो बसतो कुठं? सेडानमध्ये मागच्या काचेखाली पत्र्याचा घट्ट कट्टा असतो आणि खाली बंद डिकी. डिकीच स्पीकरचा डबा होते, पुढच्या बाजूची हवा आणि मागच्या बाजूची हवा एकमेकांना भेटत नाहीत, बेस भरून येतो. हॅचबॅकमध्ये मागं असते ती उचलून ठेवायची पुठ्ठ्यासारखी ट्रे. मी तीच कापून ओव्हल बसवले होते. पहिल्या दिवशी दुकानासमोर भारी वाटलं. हायवेवर ८० चा वेग आला आणि स्पीकरपेक्षा ट्रेच जास्त वाजायला लागली. पडद्याच्या वरची आणि खालची हवा ट्रेच्या कडेनं मिसळायची, बेस तिथंच मरायचा. शिवाय गाणं पाठीमागून येतंय, गायक डिकीत बसलाय असं वाटायचं. दुकानदार म्हणाला, "अजून मोठे घाला." त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला उशिरा सुचली: जोरात ब्रेक लागला तर दोन-दोन किलोचे ते लोखंडी गोळे मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यामागं असतात.

म्हणून माझा कौल गाडीच्या आकारावर. सेडान असेल तर ओव्हलचा विचार जरूर करा, पण पुढचे दारातले स्पीकर चांगले झाल्यावर. हॅचबॅकला ओव्हल नको.

वूफरच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. सेडानच्या डिकीतला वूफर सीटच्या पाठीमागं कोंडला जातो, हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन एकच, सगळा बेस आत. त्यात बंद केबिन खालच्या सुरांना आपोआप उचल देते. काच खाली केली की ती उचल गेली, करून बघा. चिकोडी-निपाणीकडं ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवर एवढाले डबे का लागतात, त्याचं उत्तरही यातच आहे. वर आभाळ, चारी बाजू उघड्या, केबिनची मदत शून्य. तो हिशेब बघून गाडीत दोन-दोन बारा इंची कोंबणारे पाहिलेत. नंबरप्लेट गाण्यापेक्षा जोरात वाजते.

एका कुटुंबाच्या गाडीला सीटखालचा आठ इंची पुरतो. ढोलकीचा आणि डग्ग्याचा घुमार येतो, डिकी भाजीपाल्याला मोकळी राहते. छातीत धडधड हवी असेल तर तो कमी पडेल, मग बंद डब्यातला दहा इंची. कोणता सूर कुणाकडं जाणार हे वाटून द्यायलाच पाहिजे: ८० हर्ट्झच्या खालचं वूफरला, वरचं दाराला. एवढी एक सेटिंग केली की दारातला साडेसहा इंची निम्म्या कष्टातून सुटतो आणि त्याच आवाजात साफ वाजतो.

आणि तुमच्या गाडीत मुख्यतः शास्त्रीय किंवा भावगीतं वाजत असतील, तर वूफर राहू द्या. आमच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा आवाज ऐकायला बारा इंची लागत नाही, चांगला ट्वीटर लागतो.

आता ज्याच्यावर दुकानात कुणी बोलत नाही ते. दार हा स्पीकरचा डबा आहे, आणि कंपनीतून येताना तो चाळणीसारखा भोकांचा असतो. आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद केली, बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारा जाड थर, चिकटवली, तर जुना साडेसहाच नव्यासारखा वाजतो. माप एका पायरीनं वाढवण्यापेक्षा हा खर्च आधी. दुसरं, आपल्याकडचा पाऊस. काचेवरून उतरणारं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं. खानापूर-जांबोटी पट्ट्यात राहणाऱ्यानं कागदी कोन (म्हणजे पडदाच) आणि त्याच्याभोवतीची फोमची कड टाळावी. प्लास्टिकचा कोन, रबरची कड. स्पीकरखालची रिंग साध्या एमडीएफची नको, दोन पावसाळ्यांत पुरीसारखी फुगते.

खोक्यावरच्या वॅटना भुलू नका. डेकवर ५० गुणिले ४ लिहिलेलं असलं तरी गाडीच्या बॅटरीवर प्रत्येक स्पीकरला खरे १५-२० वॅट आरएमएसच, म्हणजे सतत मिळणारे वॅट, मिळतात. तेव्हा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेणार नसाल तर ३०० वॅटचा जड स्पीकर घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती जोरात वाजतो ते. ८९ डेसिबलवाल्याच्या जागी ९२ वाला घेतलात तर तोच आवाज निम्म्या वॅटमध्ये.

भावाला शेवटी सांगितलं: पुढं साडेसहा इंची कॉम्पोनंट (ट्वीटर वेगळा असलेला संच), दारं बंदिस्त, आणि सहा महिन्यांनी वाटलंच तर सीटखालचा आठ इंची. मागचे कंपनीचे आहेत तसेच राहू देत. पण ऑर्डर देण्याआधी पॅनल काढून, काच पूर्ण खाली करून, पट्टीनं खोली मोज. काल त्यानं मोजली: काचेपर्यंत ५८ मिलिमीटर. निवडलेल्या स्पीकरला ६४ लागतात. १० मिलिमीटरची प्लास्टिक रिंग घातली तर काच सुटते, पण जाळी आतल्या पॅनलला टेकते का, ते रविवारी तो बेळगावला आला की बघायचं.