प्ले थेरपी, काही महिन्यांनंतर: थेरपिस्ट उत्तम, खेळण्यांचे कपाट मात्र दर वेळी नवे

पुढील तिमाहीचे पैसे आगाऊ भरण्याची सूचना केंद्राकडून आली आणि त्याच आठवड्यात आमच्या मुलीचे अर्धे सेशन खेळण्यांच्या कपाटासमोर रडण्यात गेले, म्हणून हा अनुभव आता लिहून काढत आहे. प्ले थेरपी म्हणजे खेळाच्या माध्यमातून मुलाच्या भावनांवर आणि वागण्यावर काम करणारा उपचार. स्पीच थेरपी बोलण्यावर आणि ऑक्युपेशनल थेरपी रोजच्या कामांच्या कौशल्यांवर भर देते, ही तिच्याहून वेगळी. मुलगी ६ वर्षांची आहे. ऑटिझम (संवाद साधण्याची आणि संवेदना अनुभवण्याची वेगळी घडण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्थिर राहणे अवघड जाणे) अशी दोन्ही निदाने झालेली आहेत, बोलणे मोजके आहे आणि अनपेक्षित आवाज तिला सहन होत नाहीत. सेशन आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटांचे असते. पद्धत बालकेंद्री आहे, म्हणजे काय खेळायचे आणि कसे खेळायचे हे मूल ठरवते, थेरपिस्ट ठरवत नाही.

सुरुवातीला बाहेरच्या पडद्यावर सेशन पाहताना माझी चिडचिड होत असे. थेरपिस्ट जमिनीवर बसून मुलगी जे करते तेवढेच बोलत असत: "तू गेंडा सिंहाच्या मागे ठेवलास." "आता सगळे एका ओळीत आले." एवढ्यासाठी पैसे मोजायचे का, असा प्रश्न कोणत्याही पालकाला पडेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली या पद्धतीची आठ तत्त्वे मांडली. मूल जसे आहे तसे स्वीकारावे, पुढाकार त्याच्याकडे असू द्यावा आणि घाई करू नये, ही त्यांतली काही. वाचायला ती छान वाटतात, पण पडद्यावर मात्र नुसते समालोचन चालल्यासारखे दिसते.

या बाबतीत माझे मत मध्यावर पूर्ण बदलले. आमच्या मुलीशी इतर मोठी माणसे बहुधा प्रश्नांतूनच बोलतात. हा प्राणी कोणता, रंग कोणता, हे कोणी दिले. प्रत्येक प्रश्न तिच्याकडे उत्तर मागतो, आणि शब्द जुळवण्यात आधीच दमणारे मूल अशा वेळी खेळ सोडून उठते. केलेल्या कृतीचे साधे वर्णन मात्र तिच्याकडे काहीच मागत नाही. काही आठवड्यांनी ती स्वतःहून एकेक प्राणी थेरपिस्टच्या हातात देऊ लागली आणि तो ओळीत कुठे ठेवायचा ते बोटाने दाखवू लागली. पुढे घरी मी भांडी आवरत असताना मागून आवाज आला, "तू वाटी वर ठेवलीस." ऐकलेला साचा उचलून नव्या प्रसंगी वापरणे ही तिची बोलण्याची नेहमीची रीत आहे. फरक इतकाच, की आतापर्यंत तिने उचललेले साचे बहुतेक जाहिरातींतले असत.

मर्यादा घालण्याची रीतही तितकीच उपयोगी ठरली. प्ले थेरपीचे अमेरिकी अभ्यासक गॅरी लँड्रेथ यांच्या मांडणीत या रीतीच्या तीन पायऱ्या आहेत: आधी भावना ओळखून बोलून दाखवायची, मग मर्यादा सांगायची, मग पर्याय द्यायचा. "तुला वाळू फेकायची आहे हे मला कळते. वाळू फेकण्यासाठी नाही. चेंडू भिंतीवर फेकता येईल." हे तीन वाक्यांचे बोलणे घरात आता सर्वांना येते आणि "नको म्हटले ना" यापेक्षा ते निश्चितच अधिक वेळा लागू पडते.

आता कपाटाविषयी. हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष हाच आहे. खेळणी प्रत्येक वेळी त्याच जागी असावीत, म्हणजे खोली मुलाला ओळखीची राहते, असे ही पद्धत स्वतःच शिकवते. ज्या मुलांच्या निदानाच्या निकषांतच एकसारखेपणाचा आग्रह आणि संवेदनांना येणारा तीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद नोंदलेला आहे, त्यांच्या बाबतीत हा नियम अधिक काटेकोर असायला हवा. केंद्रात मात्र एकच खोली अनेक थेरपिस्ट वापरतात आणि शेवटी आवरणारा हाताला येईल त्या खणात वस्तू टाकतो. प्राणी कधी बाहुलीघरात सापडतात, कधी ठोकळ्यांच्या डब्यात, आणि गेंडा मधूनच नाहीसा होतो. मुलगी आधी दारातून सगळ्या फळ्या नजरेने तपासते, त्यात बदल दिसला की खेळ सुरू होण्याऐवजी शोध सुरू होतो. ४५ मिनिटांतली शेवटची काही मिनिटे "आता थोडाच वेळ उरला" या पूर्वसूचनेची, त्याआधीची काही पालकांशी बोलण्याची, आणि सुरुवातीची दहा-बारा गेंडा शोधण्याची. उरलेल्या वेळाचा हिशेब ज्याने त्याने करावा, पैसे मात्र पूर्ण वेळाचे घेतले जातात.

यावर उपाय फुकटचा आहे. नीट लावलेल्या कपाटाचे छायाचित्र आतल्या बाजूला चिकटवायचे आणि प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचे चित्र लावायचे. मी हे लेखी सुचवले. उत्तर आले, की मुलांना बदलाची सवय व्हायलाच हवी. सवय व्हावी हे मलाही मान्य आहे, परंतु सवय लावायची तर बदल आधी सांगून, एका वेळी एक आणि मूल शांत असताना करायचा असतो. आवरणाऱ्याच्या घाईतून आपोआप घडलेल्या बदलाला उपचाराचा भाग म्हणणे ही शुद्ध पळवाट आहे. थेरपिस्ट स्वतः माझ्या बाजूने आहेत, पण कपाट त्यांच्या अखत्यारीत नाही.

दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे प्रगतीचा तक्ता. त्यात "नजरेला नजर देणे" आणि "योग्य प्रकारे खेळणे" अशी उद्दिष्टे छापील होती आणि प्राण्यांची ओळ "कमी करायचे वर्तन" या रकान्यात गेली होती. ती ओळ शेपटीच्या लांबीप्रमाणे लावलेली असते, आणि गाल जमिनीला टेकवून ती पाहणे हा तिचा खेळ आहे. थेरपिस्टनी तो कधी मोडला नाही, मग कागद तो का मोडू पाहतो? स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असे मांडले, की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला न समजण्याचा प्रश्न दुहेरी असतो, एकाच बाजूचा नसतो. आमच्या तक्त्यात दुसरी बाजू नव्हतीच. सांगितल्यावर उद्दिष्टे बदलून "मदत मागणे" आणि "खेळ संपताना होणारा त्रास" अशी लिहिली गेली, याचे श्रेय केंद्राला द्यायला हवे.

ज्यासाठी मी इतरांना शिफारस करीन तो भाग पालकांच्या प्रशिक्षणाचा आहे. पालकांनाच ही पद्धत शिकवावी ही कल्पना बर्नार्ड आणि लुईस गर्नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९६० च्या दशकात रुजवली. लँड्रेथ यांनी तिचा १० बैठकींचा आटोपशीर अभ्यासक्रम केला, ज्यात पालकाने आठवड्यातून ३० मिनिटे मुलासोबत ठरलेल्या खेळण्यांनी खेळायचे असते. २००५ साली ९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात पालकांनी दिलेल्या थेरपीचा परिणाम व्यावसायिकांच्या थेरपीपेक्षाही मोठा दिसला. मात्र ऑटिझमपुरते पाहिले तर उपलब्ध अभ्यास थोडे आणि लहान आहेत. त्यामुळे कोणी ऑटिझम बरा करण्याचे आश्वासन देत असेल तर तिथून उठून यावे. आम्हाला जो फायदा दिसला तो चिंता कमी होण्यात, रागातून लवकर सावरण्यात आणि आमच्याशी असलेल्या नात्यात आहे.

घरी आम्ही एक पेटी फक्त त्या अर्ध्या तासासाठी ठेवली आहे: प्राणी, चिकणमाती, कागद, दोन बाहुल्या, मऊ चेंडू. झाकणाच्या आत पेटीचे छायाचित्र आहे. वेळ दाखवायला लाल चकती हळूहळू लहान होत जाणारे घड्याळ घेतले आणि त्याचा शेवटचा टिंग बंद ठेवला. प्रश्न न विचारता अर्धा तास काढणे सर्वांत अवघड जाते. थेरपिस्टनी आमचे एक ध्वनिचित्रण पाहून, प्रश्न नेमके कुठे येतात आणि त्यांच्या जागी काय म्हणता येईल हे दाखवून दिले. एवढ्या एका बैठकीचे पैसे मी विनातक्रार दिले.

तूर्त ठरवले आहे ते असे: थेरपिस्ट त्याच, सेशन पंधरवड्यातून एक, आणि दर आठवड्याला घरची पेटी. नव्याने सुरू करणाऱ्यांनी थेरपिस्टने देखरेखीखाली किती काम केले आहे हे विचारावे, कारण दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतरही काही जण स्वतःला प्ले थेरपिस्ट म्हणवतात. शिवाय खोली इतर कोण कोण वापरते आणि नंतर ती कोण आवरते, हेही विचारावे. डब्यांवरची चित्रे नवे फर्निचर आल्यावर लावू, असे केंद्राचे म्हणणे आहे. ती लागेपर्यंत मी तिमाहीचे पैसे भरणार नाही. सेशनगणिक दर जास्त आहे आणि सध्या तो मी कुरकुरत भरतो आहे.